बोट तिची, पाना त्याचा

ती नळ सोडणार एवढ्यात मागून आवाज आला, "आधी इंजिन, मग पाणी."

दचकून तिने मान वळवली. तलावाच्या धक्क्याला लागून सिमेंटचा उतार होता. तिथे ट्रेलरवर ओढून घेतलेली जेटबोट, ती आतून धुवायला जोडलेली पाण्याची नळी, आणि मामाचे ढगळे गमबूट घातलेली ती. शेजारच्या वर्कशॉपच्या दारात एक उंच माणूस चिंधीला हात पुसत उभा होता. पाऊस भुरभुरत होता, पण त्याच्या ते गावीही नव्हतं.

तुम्हाला कोणी विचारलंय, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिने विचारलं, "उलटं केलं तर?"

"इंजिनात पाणी शिरतं. थांबवताना मात्र आधी पाणी बंद... मग इंजिन."

एवढं बोलून तो आत निघून गेला. जाता जाता वळून बघितलं मात्र त्याने. आणि त्याने बघितलं हे तिला दिसलं, म्हणजे ती अजून तिकडेच बघत होती.

ती दातांची डॉक्टर. बोट मामाची. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर मामाला बोटीत चढणं जमेना, तेव्हा त्याने किल्ली भाचीच्या हातात ठेवली आणि वर बजावलं, की देखभालीच्या भानगडीत पडू नकोस. शेजारी मेकॅनिक बसलाय, सगळं त्याच्या गळ्यात टाक आणि मोकळी हो. पण तिला मोकळं व्हायचं नव्हतं. वर्षापूर्वी तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा वाईट नव्हता, उलट फारच चांगला होता. हॉटेलात तिच्यासाठी काय मागवायचं ते तो ठरवायचा, तिची गाडी तो पार्क करायचा, तिच्या दवाखान्याच्या भिंतींचा रंगसुद्धा त्यानेच निवडला. हळूहळू तिला वाटायला लागलं, की आपण आपल्याच घरी पाहुण्या आहोत. तिने लग्न मोडलं. मामी पंधरवडाभर तोंड फुगवून बसली आणि मग एका सकाळी तिच्यासमोर चहा ठेवत म्हणाली, की रंग खरंच भयंकर होता.

तेव्हापासून एक तरी गोष्ट अथपासून इतिपर्यंत स्वतः करायची, असं तिने मनाशी धरलं होतं. ती गोष्ट म्हणजे ही बोट.

पुढच्या रविवारी ती सरळ वर्कशॉपात गेली आणि म्हणाली, की यातलं मी काय काय करू शकते आणि काय नाही, तेवढं सांगा. अशा प्रश्नावर बहुतेक मेकॅनिक हसतात नाहीतर बिल वाढवतात. याने बोटांवर एकेक काम मोजायला घेतलं. मग म्हणाला, की फेरी झाली की गोड्या पाण्याने आतून धुणं, तळाच्या जाळीतला कचरा काढणं, ग्रीस देणं, तेल बघणं, हे सगळं तुमचं. आतला पंखा पाणी ओढतो आणि मागे फेकतो, त्यावरच बोट पळते. त्या पंख्याभोवती एक कडं असतं, ते झिजलं की बदलावं लागतं. "ते काम एकदा माझ्याबरोबर बघा... मग ठरवा."

तुम्हाला जमणार नाही, असं तो म्हणाला नाही. मग ठरवा, म्हणाला. घरी जाताना ते दोन शब्द तिने उगीचच तीन-चारदा मनात घोळवले.

मग रविवारचा नेमच झाला. ग्रीस किती द्यायचं, तेलाचा रंग दुधाळ दिसला तर का घाबरायचं, कुठला नट किती आवळायचा, सगळं तो सांगायचा, पाना तिच्या हातात द्यायचा आणि एक पाऊल मागे सरकायचा. ती अडली तरी लगेच पुढे यायचा नाही. एकदा पंख्याची कड नीट दिसेना, तेव्हा तिने खिशातून आपला दात बघायचा छोटा आरसा काढला आणि आत सरकवला. तो पहिल्यांदा मोकळेपणी हसला. हसताना तो फार वेगळा दिसला.

"कीड नाही," ती घाईघाईने म्हणाली. "नुसता टवका उडालाय."

"मग काय करायचं, डॉक्टर?"

"कानस मारून कड गुळगुळीत. उपटायची गरज नाही."

"फी किती?"

"पहिली तपासणी फुकट असते."

वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर तो आणि त्याची मोठी बहीण राहायचे. ही ताई खाली येऊन सुट्या भागांची विक्री बघे आणि तोंडाने फटकळ होती. एका रविवारी भाऊ गिऱ्हाइकाकडे गेलेला बघून ती डॉक्टरला म्हणाली, की शिकवतोय खरा, पण आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून घेतोय. तुम्हाला सगळं यायला लागलं की इथे यायला कारण काय उरणार? दिवसभर लोकांना 'आ करा' म्हणणारी ती, तिचंच तोंड उघडेना.

आणि खरंच, असा एक रविवार आला की विचारायला काहीच उरलं नाही. ती वर्कशॉपच्या दारावरून तशीच पुढे गेली, बोट पाण्यात सोडली आणि एकटीच तलावात गेली.

ऊन कोवळं होतं, पाणी स्वस्थ. मध्यावर पोचली आणि इंजिनाचा आवाज एकदम चढला. बोट मात्र जागची हलेना, नुसती थरथरायला लागली. आत काहीतरी अडकलंय हे तिला लगेच कळलं. तिने इंजिन बंद केलं, किल्ली काढून खिशात टाकली, मागचं झाकण उघडून हात आत घातला. नायलॉनची दोरी! कोणीतरी फेकलेली, पंख्याच्या दांड्याभोवती घट्ट पिळून बसलेली.

वाऱ्याने बोट हळूहळू लव्हाळ्यांकडे सरकत होती. फोन समोरच होता. तिने त्याच्याकडे पाहिलं... आणि चाकू उचलला. तुकडा तुकडा करून दोरी कापायला घेतली. आत दिसत काही नव्हतं, पण न दिसणाऱ्या जागी बोटांनी चाचपून काम करायची तिला सवय होती. बोटांची सालटी निघाली, घाम डोळ्यांत उतरला. शेवटचा वेढा सुटून हातात आला तेव्हा ती पाठ सरळ करत उठली.

थोड्या अंतरावर एक वल्ह्यांची होडी उभी होती. वल्ही पाण्याबाहेर धरून तो तिच्यात गप्प बसला होता.

"कधीपासून आहात इथे?"

"झाला थोडा वेळ." धक्क्यावर इंजिनाचा आवाज बदललेला ऐकू आला आणि बोट जागची हलत नाही हे दिसलं, म्हणून निघालो, असं त्याने सांगितलं. मोटारबोट का नाही आणली, तर तिचा आवाज तुम्हाला आला असता, म्हणाला.

"मग हाक का नाही मारलीत?"

"तुमचं काम चालू होतं. आणि... तुम्ही बोलावलं नव्हतं."

"मी बोलावलंच नसतं तर?"

"तर तुम्ही सुरू केल्यावर परत गेलो असतो. तुम्हाला कळू न देता."

तिने किल्ली लावली. इंजिन सुरू झालं, बोट अलगद पुढे सरकली. तिने पुन्हा बंद केलं.

"चाललं," ती म्हणाली.

"चाललं," तोही म्हणाला आणि वल्ही पाण्यात घालून होडी वळवू लागला.

"थांबा ना." तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "मला आता सगळं येतं. रविवारी यायला मला काही... काही कारण नाही."

"एक आहे. ते पंख्याभोवतीचं कडं." त्याने वल्हं थांबवलं. मान वर न करताच पुढे म्हणाला, "अर्ध्या दिवसाचं काम आहे. मी मुद्दाम लांबणीवर टाकत आलोय."

"तेवढ्याने बोटीला धोका नाही ना?"

"बोटीला नाही."

ती आधी हसली. मग तिने त्याच्याकडे नीट बघितलं, आणि हसू ओठांवर तसंच राहिलं.

"इकडे ये," ती म्हणाली. अहो-जाहो कुठे गळून पडलं, ते दोघांच्याही लक्षात आलं आणि दोघांनीही तसं दाखवलं नाही.

होडी बोटीच्या मागे बांधून तो वर आला. तिची सोललेली बोटं त्याला दिसली. त्याने खिशातून धुतलेला रुमाल काढला, पण नुसता हातात धरून राहिला. तिनेच हात पुढे केला. एका हाताने गाठ मारता येत नाही, म्हणाली. त्याने रुमाल बांधला, फार सावकाश, आणि बांधून झाल्यावर तिचा हात सोडायला विसरला.

"बोट मी चालवणार," ती म्हणाली.

"मी कुठे नाही म्हणालो?"

धक्का फार लांब नव्हता. म्हणून तिने वेग अगदी कमी ठेवला. इतक्या कमी वेगात जेटबोट सरळ जात नाही, कधी डावीकडे झुकते, कधी उजवीकडे. हे तिला ठाऊक होतं आणि त्यालाही. तो तिच्या शेजारी बसून राहिला, आणि बोट वेडीवाकडी, रमतगमत काठाकडे निघाली.