सोमवारची लेक

घानातल्या कासोआ गावात घराचं दार तोडलं तेव्हा आत पंखा फिरत होता आणि माणूस एकही नव्हता. टेबलांवर नुसत्या वायरी लोंबत होत्या. फोनवरून प्रेमाच्या थापा मारून परदेशातल्या एकट्या म्हाताऱ्यांना लुबाडणारी टोळी धाडीआधीच पसार झाली होती. त्यांच्याकडे कामाला असलेली आणि पोलिसांना खबर देणारी पोरगीही त्यांनी उचलून नेली होती.

धाड इन्स्पेक्टर पोकुआची होती, आणि पोरगीला बोलतं केलं होतं तेही तिनेच. साक्षीदाराचं खरं नाव तपास करणाऱ्याखेरीज कुणाला कळणार नाही, असं घानाच्या नव्या सायबर धोरणात लिहिलं होतं. त्याच भरवशावर पोरगी बोलली. तिकडे जन्मवारावरून नाव ठेवतात; पोकुआने तिला कागदावर अकोसुआ केलं, म्हणजे रविवारी जन्मलेली. तिच्या केसालाही धक्का लागणार नाही, असा शब्द तिच्या आईला दिला.

धाडीचा बेत आणखी दोघांनाच ठाऊक होता. एक पोकुआचा कामातला जोडीदार लार्टे. दुसरे ओपारेसाहेब, धोरण लिहिणारे तेच, पोकुआला बोट धरून या खात्यात आणणारेही तेच. नात्याचे नसले तरी ती त्यांना मामा म्हणायची.

तिने आधी लार्टेला धरलं.

"काल संध्याकाळी कुठे होतास?"

"घरी, बायकोची बोलणी खात. सासूला विचार. ती माझ्या बाजूने खोटं बोलायची नाही."

सासूने जावयाचा यथेच्छ उद्धार केला, पण तो घरीच होता आणि त्याचा फोन तिच्याच हातात होता, हेही सांगितलं. मामांना विचारायची पोकुआला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीतली रोजची प्रार्थना मामांनीच सांगितली. डोळे मिटून ते गहिवरून म्हणाले, "देवा, तुझ्या सोमवारच्या लेकीला सुखरूप ठेव." सगळे आमेन म्हणाले. पोकुआचे ओठ हलले नाहीत.

लार्टेला सोबत घेऊन तिने मामांच्या खोलीचं दार लावलं.

"मामा, पोरगी कुठल्या वाराची?"

"असं का विचारतेस?"

"कागदावर ती रविवारची. तुम्ही कागदच पाहिलाय. तिचं खरं नाव अजोआ, सोमवारची. हे मी सांगितलं नाही, तिची आई तुम्हाला ओळखत नाही. उरली टोळी. देवापुढे चुकीचा वार घेतला तर मागणं पोचत नाही, असं तुम्ही मानता. म्हणून खरा वार तोंडून गेला."

मामा खुर्चीत खचले. "माझा भाचा आहे त्यांच्यात. सख्ख्या बहिणीचा. आपल्यात भाचाच वारस, पोरी. मी त्याला फक्त पळ म्हणालो. खबर कुणी दिली ते त्यानेच ताडलं आणि मला फोनवर तिचं नाव सांगितलं."

"मीही तुम्हाला मामाच म्हणत होते."

"तू म्हणत होतीस."

कुंपणानेच शेत खाल्लं होतं. पोकुआला रडू आलं आणि रडण्याचा रागही आला. बेड्या लार्टेने घातल्या.

मामांनी सांगितलेल्या पत्त्यावर, विनेबात, अजोआ सापडली; मार खाल्लेली, पण जिवंत. भाचाही तिथेच सापडला. त्याला कोर्टात उभं करायला तिची साक्ष हवी होती. पोकुआ तिच्या घरी गेली. पाहुण्याला आधी पाणी द्यायचं आणि मग का आलात ते विचारायचं, ही तिकडची रीत. आईने तिला ओसरीवर बसवलं. बराच वेळ गेला. पाणी आलं नाही.

"माझी लेक आता बोलत नाही," आई म्हणाली, "कुणाशीच."