तिसऱ्या गिअरनंतर

हे रचलेलं नाही. रचायचं असतं, तर माझ्या सख्ख्या आत्याला यात ओढलंच नसतं.

आणि रात्रही नव्हती. गुरुवार होता. दुपारचे तीन. दगडाच्या खाणीवर लख्ख ऊन.

आत्या खाणीच्या वर्कशॉपमध्ये गिअरबॉक्स बघायची. दगड वाहणारे सगळे ऑटोमॅटिक ट्रक तिच्याच हाताखालून जायचे. त्या दिवशी समोर उभा होता सात नंबरचा ट्रक.

याच ट्रकमध्ये मास्तर गेले होते.

मास्तर म्हणजे ड्रायव्हर. गिअर आपोआप बदलायचे, तरी जुन्या सवयीने ते मोठ्याने मोजायचे. "एक... दोन... तीन..." म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणायचे.

त्यांनी चार वेळा तक्रार केली होती. उतारावर गिअर तिसऱ्यातून निसटतो, ट्रक न्यूट्रल होऊन मोकाट सुटतो.

फोरमनने चारही कागद दाबून ठेवले. आत्यापर्यंत एकही आला नाही.

पाचव्यांदा तक्रार करायला मास्तर उरलेच नाहीत.

वर चौकशीत फोरमन शपथेवर म्हणाला, "माणूस पिऊन चालवायचा."

मास्तरांनी जन्मात थेंबाला शिवलं नव्हतं. त्यांची बायको ते ऐकून उठली आणि निघून गेली.

ट्रक दुरुस्त झाला, पण कोणी चालवेना. जो तो म्हणे, गिअर निसटतो. शेवटी तो आत्याकडे आला.

तिने गिअरबॉक्सचं तेल पाहिलं. लालभडक. जळका वास नाही. वायरिंग तपासलं. मग चावी फिरवून, इंजिन बंदच ठेवून, स्कॅनर जोडला.

एकही दोष नाही.

पण खालच्या ओळीत...

ब्रेक पेडल: पूर्ण दाबलेलं.

ट्रकमध्ये कोणीच नव्हतं.

तिने वाकून पाहिलं. पेडल खरंच तळाला टेकलं होतं. जणू कोणीतरी जीव खाऊन दाबून धरलंय.

आत्या खमकी. स्प्रिंग अडकली असेल, असं मनाला समजावत ती सीटवर चढली. पेडल हळूच वर आलं. तिने ट्रक उतारावर नेला.

"एक..."

आवाज शेजारच्या रिकाम्या सीटवरून आला.

"दोन... तीन..."

तिचे हात स्टिअरिंगला चिकटले. पण गिअर निसटला नाही. ट्रक अलगद तळाशी पोहोचला.

मग अगदी कानाशी...

"साहेबाला घेऊन ये, पोरी."

आत्याला तिथूनच घरी जाता आलं असतं. चावी टेबलावर टाकून सुट्टी घेता आली असती.

तिने फोरमनला फोन लावला.

"साहेब, दोष सापडत नाहीये. तुम्ही एकदा चालवून बघता का?"

फोरमन हसतच आला. "बाई, तुम्ही पण त्या ड्रायव्हरांच्या नादी लागलात? सरका, मी दाखवतो."

आत्या शेजारी बसली. स्कॅनर मांडीवर. उतार सुरू झाला.

"एक..."

"कोण बोललं?"

आत्याने स्कॅनरवरची नजर उचलली नाही.

"दोन... तीन..."

स्क्रीनवरचा तीनचा आकडा गेला. न्यूट्रल.

ट्रकने वेग घेतला. फोरमनने ब्रेकवर पाय मारला.

ब्रेक पेडल: मोकळं.

"दाबतोय! अहो, दाबतोय मी!"

आत्याला दिसत होतं. त्याचा बूट तळाला टेकला होता. स्कॅनर मात्र ऐकत नव्हता.

तेवढ्यात तिच्या बाजूचं दार आपोआप उघडलं...

आणि ट्रक मंदावला. चालत्या माणसाइतका.

फक्त तिच्यासाठी.

आत्या उतरली. फोरमन पट्ट्याशी झोंबत होता. पट्टा सुटेना. त्याने तिच्याकडे हात पुढे केला.

"बाई, हात द्या! हात द्या ना!"

मग ट्रक सुटला. मास्तर गेले त्याच कड्यावर जाऊन आदळला.

गिअरबॉक्स उघडून पाहिला. काही निघालं नाही. ब्रेकमध्येही नाही.

आत्याने चौकशीत सांगितलं की दार लगेच बंद झालं, हात देणं शक्यच नव्हतं. घरातही इतकी वर्षं आम्ही तेच ऐकत आलो.

गेल्या महिन्यात मी तिच्याकडे गेलो होतो. भाजी निवडता निवडता ती मध्येच थांबली.

"दार बंद व्हायला वेळ लागला रे," ती म्हणाली. "बराच."

आणि पुन्हा भाजी निवडू लागली.