चंद्रावर जाणाऱ्याचा कोट

निशा कामतघरच्या यंत्रमागांच्या शेडमध्ये शिरली, तेव्हा सगळे माग गप्प उभे होते. एकच धडधडत होता, त्यावर एक तरुण विणत होता.

"ओ दादा, सेठ कुठंयत?"

"भंगारवाल्याकडे. आणि... दादा नका म्हणू."

"मग काय, मामा म्हणू?"

तो हसला. सुगत त्याचं नाव. हसू चांगलं होतं, पण वापर कमी.

निशा खारबावची, सिनेमाचे कपडे शिवणारी. एका जुन्या कादंबरीवर सिनेमा निघत होता. त्यात एक माणूस चंद्रावर जातो. दिग्दर्शकाचा हट्ट होता की पुस्तकाच्या काळात जे होतं तेच पडद्यावर दिसेल. म्हणजे चंद्रावर जायचं तेही सुती कोट घालून, आणि कोटाचं कापड जुन्या धोट्याच्या मागावरचं!

तेवढ्यात सूत तुटलं. सुगतने आडवं सूत नेणारा लाकडी धोटा उचलला, सूत ओवायला त्याच्या भोकाला ओठ लावले, श्वास ओढला. सूत बाहेर आलं.

निशा बघतच राहिली. मग तिने नजर काढली... जरा उशिराच.

सेठने कोटाच्या कापडाचं काम घेतलं, आणि पुढे ती रोज कापड बघायला येऊ लागली. कापड एका नजरेत कळतं, पण तिला हे सांगणार कोण?

"तो चंद्रावरून परत येतो?" सुगतने एकदा विचारलं.

"न्हाय. त्याच्यावर जीव असणारी बाई खाली उभी राहते, तो जातो. पुस्तकात तसंच आहे."

"मीपण चाललोय. सुरतला, तिथल्या मागांवर. सेठने माग भंगारात विकले, हा कापडाचा शेवटचा ताका."

"मानकोलीच्या गोदामात ड्युटी मिळते की."

"खोकी उचलू? विणकर आहे मी!"

 घरी जाऊन निशाने एका सदऱ्याची बाही चुकून उलटी शिवली.

ताका न्यायला ती आली, तर माग चालूच. कोटाला लागेल त्याच्या दुप्पट कापड झालेलं. ताका संपला की विणकर शेवटी लाल सुताची रेघ विणतो. ती रेघ कुठेच नव्हती.

"रेघ कुठंय?"

"ती टाकली की... तू जाणार."

"सुरतला तू चाललास, आणि जाणार मी?" निशाचा आवाज चढला, मग खाली आला. "पुस्तकातली बाई उभी राहून बघत बसते. मला न्हाय जमायचं ते. राहा म्हणते मी. ऐकायचं तर ऐक."

सुगतने माग थांबवला. त्याच्या लोखंडावर हात टेकवला.

"खोकी उचलणारा... चालेल तुला?"

"हात हेच असतील ना?"

त्याने धोट्यात लाल सुताची कांडी बसवली. नजर निशाकडे, सूत काही ओवलं जाईना. निशाने धोटा काढून घेतला, भोकाला ओठ लावले, श्वास ओढला. लाल सूत तिच्या ओठांवर आलं.

सुगतने ते अलगद धरलं. माग शेवटचा धडधडला, रेघ उमटली, आणि त्याने स्वतःच्या हाताने तो बंद केला.

"चल," निशा म्हणाली, "ताक्याचं एक टोक तू धर."