प्लायवूडचं चर्च

समुद्रातल्या खुंटांना बांधलेलं डोल जाळं वाचवायला आम्ही तिघं समुद्रात शिरलो. वादळाचा इशारा आला होता आणि जयवंतदादाचं नवंकोरं जाळं अजून आतच होतं. ते गेलं की त्याचा हंगाम बुडाला! होडी त्याची, इंजिनावर भिकाजीकाका. आणि मी? रिसॉर्टवर नोकरी धरलेला धाकटा भाऊ. खलाशी मिळेना म्हणून दादाने मला घेतलं, आणि वाटभर टोमणे मारले.

"साहेब, लाटांना सलाम नको ठोकूस. दोर ओढ!"

ओढला. तळहात सोलवटले, पण जाळं होडीत आलं. तेवढ्यात वारा उलटला. सरींनी किनारा पुसून टाकला, फोन भिजून बंद पडले. समुद्र मेला टपूनच बसला होता!

दादा डगमगला नाही. वर्सोव्याच्या खाडीपलीकडचं आमचं गाव अजून जुन्या खुणेवर चालतं. पोर्तुगीजांच्या पांढऱ्या चर्चचा क्रॉस आणि किल्ल्याचा बुरूज एका रेषेत आले, की सरळ आत शिरायचं. दोन्हीकडे खडक, मधे वाट. बापाने शिकवलेलं.

"दिसलं!" दादाने सुकाणू वळवलं.

धुरकट किनाऱ्यावर बुरुजाच्या रेषेत पांढरा क्रॉस होता खरा. पण डावीकडे कललेला! रिसॉर्टच्या लॉनवर सिनेमावाल्यांनी कालच प्लायवूडचं चर्च उभं केलं होतं. घरी सांगायचं राहिलं. आमच्यात बोलणं होतं कुठे?

"दादा, फिरव! ते खोटंय!"

"गप रे! बापाची खूण मला शिकवतोस?"

"मीच रंगवलंय ते!"

दादाने माझ्याकडे पाहिलं. सुकाणू फिरवलं. उशीर झाला! खाड्! तळाची फळी फुटली. पाणी आत घुसलं. जाळ्याच्या वजनाने होडी बसू लागली.

"जयवंता, जाळं सोड!" काका ओरडले.

दादाने ओठ चावला आणि स्वतःच जाळ्याला खांदा लावला. तिघांनी ढकललं. गेलं! हलकी झालेली होडी एका लाटेने उचलली आणि खडकांपलीकडे रिसॉर्टसमोरच्या वाळूत आपटली.

मला रडू फुटलं. माफी मागायला तोंड उघडलं.

"नंतर," दादा म्हणाला. "चार होड्या कालपासून बाहेर आहेत, त्याही या खोट्या क्रॉसवरच येतील. नांगराचा दोर आण!"

रिसॉर्टचा वॉचमन धावत आला. "नितेश, नोकरी जाईल तुझी!"

मी क्रॉसवर फास टाकला. तिघांनी जोर लावला. एक झटका, दुसरा, आणि अख्खं चर्च लॉनवर आडवं!

सरींमधून पहिली होडी खडकांवरच येत होती. ती घुटमळली. मग हळूहळू खऱ्या चर्चच्या दिशेने वळली.

दादा दोर गुंडाळत होता. "उद्या सकाळी ये," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "फळी तूच बसवायचीस."