तळं जरा धरता का?

“अहो, तळं जरा धरता का? ...पडून राह्यलं!”

शैलजानं मागं वळून पाहिलं. मागं कोणी नव्हतं. म्हणजे हे आपल्यालाच.

बुलढाण्याच्या बाजारगल्लीतल्या त्या फोटो स्टुडिओत ती पहिल्यांदाच पाय ठेवत होती. पाय ठेवण्याआधीच तिनं पुष्कळ काळज्या करून घेतल्या होत्या. पदर नीट आहे का, कपाळावरचा घाम फोटोत उतरतो का, उतरला तर पुसता येतो का... पण आत गेल्या गेल्या एखादं तळं धरावं लागेल, ही काळजी मात्र तिला सुचलेली नव्हती.

समोर भिंतीएवढा रंगवलेला पडदा एका बाजूनं सुटून लोंबत होता. निळे डोंगर, त्याहून निळं पाणी, काठावर पांढरा बंगला, एक होडी, आणि हंस म्हणून सुरू केलेला पण बगळ्यावर संपलेला एक पक्षी. पडद्यामागं शिडीवर कोणीतरी उभं होतं. दिसत होते ते फक्त पाय. शैलजानं पुढं होऊन बगळ्याकडचा कोपरा धरला.

“वर घ्या... अजून... आता डोंगर वाकडा दिसते का?”

“थोडासा.”

“कोणता?”

“सगळेच.”

पाय थबकले. पडद्याच्या कडेवरून एक चेहरा हळूच बाहेर आला. पेंटरचा माणूस आला असेल असं समजून तो हुकूम सोडत होता. पाहतो तर काय — अंजिरी लुगड्यातली एक मुलगी दोन्ही हातांनी त्याचं तळं सांभाळून उभी! हातोडा त्याच्या हातात तसाच राहिला. दोघं एकमेकांकडे पाहत राहिले. डोंगर वाकडेच राहिले. ते पुढं कायमचेच तसे राहिले.

त्याचं नाव वैजनाथ. मूळचा देऊळघाटचा. वावर थोरला भाऊ पाही, आणि ह्यानं शहरात हा स्टुडिओ टाकला होता. पडदा खामगावच्या पेंटरनं एका विलायती बिस्किटाच्या डब्याच्या झाकणावरून उतरवला होता. झाकणावर लिहिलं होतं — कोमो तळं, इटली. तेव्हापासून जिल्ह्यातली निम्मी लग्नाळू माणसं इटलीच्या काठावर खुर्ची टाकून बसत. एका शेतकऱ्यानं तर फोटोला उभं राहण्याआधी पडदा नीट न्याहाळून विचारलं होतं, “याले पाणी बारमाही राह्यते का?”

शैलजाचा फोटो जायचा होता अकोल्याला. तिथला एक ओव्हरसियर तिच्या वडिलांनी, म्हणजे उत्तमरावांनी, हेरून ठेवला होता. नव्या जिल्हा परिषदेत उत्तमराव हेडक्लार्क होते. राज्य नवं झालं, राजधानी नागपूरची मुंबईला गेली, पण फायली अजून वाटेतच होत्या. त्यामुळे उत्तमरावांना निवांतपणा होता आणि तो सगळा ते मुलीच्या लग्नात घालत होते. ओव्हरसियर म्हणजे सरकारी नोकरी, सरकारी जीप आणि जन्माचं सुख. फक्त एक फोटो हवा होता.

सोबतीला मंजुळाबाई आत्या आली होती. आत्या भावाचा मान राखायला आली असं घरी सांगे. खरं तर ती पंख्यासाठी आली होती, कारण त्या गल्लीत विजेचा पंखा तेवढा या स्टुडिओत होता. बाकावर बसली, पदर डोळ्यांवर घेतला, आणि लागलीच घोरू लागली.

“चेहरा जरा ढिला सोडा,” वैजनाथ म्हणाला. “समजा, उन्हाळ्याची सुट्टी हाय. आणि तुम्ही या तळ्याच्या काठी येऊन उभ्या राह्यल्या.”

“कशानं आली?”

“आं?”

“म्हंजे मोटारीनं का रेल्वेनं? मले मोटार लागते.”

इथं कोणीही हसलं असतं. घरी तिच्या काळज्यांना एकच उत्तर ठरलेलं होतं — “काही होत नाई, चूप बस.” पण वैजनाथ हसला नाही. त्यानं खरोखर विचार केला.

“मलकापूरपर्यंत मोटार घ्याच लागते. तेवढं सहन करा. तिथून रेल्वे मुंबईपर्यंत, आणि पुढं बोट.”

“आणि बोट लागली तर?”

“लिंबू ठेवायचं जवळ. हुंगत राह्यचं.”

इतकं सरळ उत्तर शैलजाला आजवर कोणी दिलं नव्हतं. तिला एकदम इतकं हलकं वाटलं की तिचे डोळे सुखानं मिटले... आणि त्याच क्षणी वैजनाथनं हातातला कॅमेऱ्याचा रबरी गोळा दाबला.

फोटोत तळं छान आलं होतं. बगळाही डोळे उघडे ठेवून होता.

पुन्हा खेप झाली. आत्या पुन्हा घोरू लागली. शैलजा बगळ्याशेजारी उभी राहिली आणि म्हणाली, “मी रातभर विचार केला. तिथं उतरायचं कुठं?”

“तो पांढरा बंगला हाय ना!”

“कोणाचा हाय तो? ओळख ना पाळख...”

“आपल्या पेंटरनं काढला. म्हंजे घरचाच समजा.”

“खायचं काय पण? तिथं ज्वारी भेटते?”

“पीठ सोबत नेऊ. स्टोव्हही नेऊ. रॉकेल तिथं भेटलं पाह्यजे.”

“होडी उलटली तर? मले पवता येत नाई.”

“मलेही नाई. होडीत बसायचंच नाई. काठावर बसून लोकाइची पाह्यू.”

नेऊ... पाह्यू... शैलजानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

“सोबत... कोण राहीन?”

वैजनाथ घाईघाईनं कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली शिरला. बऱ्याच वेळानं कापडाच्या आतून उत्तर आलं — “सोबतीचं अजून ठरलं नाई.”

दुसऱ्या दिवशी त्यानं निरोप धाडला, ‘डोळे मिटले, पुन्हा यावं लागेल.’ आपण तर डोळे चांगले टकटक उघडे ठेवले होते, असं शैलजाला वाटत होतं. पण स्वतःवर विश्वास ठेवायची तिला सवय नव्हती. मिटले असतील, ती म्हणाली. आणि आपल्याला वाईट वाटायला हवं होतं, ते का वाटत नाही, याची नवी काळजी तिला लागली.

तिसऱ्या खेपेला मात्र तिनं सरळ मुद्दाम मिटले.

आता उत्तमराव खवळले. घरी खवळून भागेना म्हणून ते कचेरीत खवळले, आणि कचेरीत बोललेलं तालुक्या-तालुक्यांत जातं. फायलींना लागतो तेवढा वेळ गप्पांना लागत नाही. “त्या वैजनाथच्या इथं काढू नका बापा फोटो! माणूस आंधळं निघते!” धामणगावची एक वरात फोटोला यायची होती, ती परस्पर दुसरीकडे गेली. ऐन लग्नसराईत इटलीच्या काठावर कोणी फिरकेना.

हे आत्यानंच घरी येऊन सांगितलं आणि शैलजाच्या घशाखाली भाकर उतरेना. डोळे उघडे ठेवले तर फोटो अकोल्याला जाणार, मागोमाग आपणही जाणार. मिटले तर त्याचं दुकान बसणार. ज्या माणसानं आपल्या प्रत्येक काळजीला उत्तर दिलं, त्याच्यासाठी आपण ही एवढी मोठी काळजी करून ठेवली!

“आता एकच खेप,” उत्तमराव म्हणाले. “नाईतर खामगावले नेतो तुले.”

शैलजानं ठरवलं. डोळे उघडे ठेवायचे. काय व्हायचं ते होवो.

चौथ्या खेपेला दुकान सुनं होतं. पंखा तेवढा गरगरत होता आणि त्याखाली आत्या. वैजनाथनं आज तळ्याचं नावही काढलं नाही. ती म्हणाली, “काढा.” तो कापडाखाली गेला. ती समोर पाहत राहिली... डोळे भरून आले, तरी पापणी लवू दिली नाही. रबरी गोळा फुस्स झाला.

वैजनाथ बाहेर आला. घाम पुसला. जमिनीकडे पाहत म्हणाला, “मिटले. नाई आला.”

शैलजा मान खाली घालून निघाली. उंबऱ्यापाशी थांबली.

“आताच काढला ना?”

“हाव.”

“मंग धुतल्याबिगर तुमाले कसं समजलं?”

खोटं बोलायला वैजनाथ नवाच होता. आणि नव्या माणसाच्या हातून काम घाईत होतं. त्याचे कान लाल झाले. त्यानं निमूटपणे टेबलाचा खण उघडला आणि एक फोटो तिच्यासमोर धरला. बगळ्याशेजारी शैलजा उभी होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळलेलं. आणि डोळे... असे उघडे, असे बोलके, की तिला स्वतःलाच लाज वाटली.

“दुसऱ्या खेपेचा हाय,” तो म्हणाला.

“मंग सांगतलं काऊन नाई?”

“सांगतलं असतं... तर तुम्ही पुन्हा काऊन आल्या असत्या?”

“दुकान बसलं ना तुमचं!”

“बसू द्या. उठवता येते.”

शैलजा अगदी बारीक आवाजात म्हणाली, “तिसऱ्या खेपेले... मी मुद्दाम मिटले होते.”

पंख्याच्या वाऱ्यानं तळं हलत होतं. शेवटी वैजनाथच म्हणाला, “सोबतीचं... माझ्याकडून ठरलं हाय. पण मी ओव्हरसियर नाई. जीपगाडी नाई.”

“मले तशीबी मोटार लागते,” शैलजा म्हणाली. आणि तिला भीती वाटली. नेहमीसारखीच. पण या भीतीला पहिल्यांदाच काहीतरी काम होतं. “तिथं उभे राहा.”

“कुठं?”

“तळ्याच्या काठी. बाबांले कागदावर दिसल्याशिवाय काही पटत नाई. फोटो पाह्यजे तुमचा.”

तो बगळ्याशेजारी जाऊन उभा राहिला. इतक्या लोकांना चेहरा ढिला सोडायला सांगणाऱ्या त्या माणसाचा चेहरा लाकडासारखा झाला. शैलजानं गोळा दाबला.

त्या आठवड्यात एके संध्याकाळी, जेवणं झाल्यावर, तिनं दोन फोटो वडिलांपुढे ठेवले. एक स्वतःचा, एक वैजनाथचा.

“बाबा, माझा फोटो चांगला आला होता. त्यायनं लपवला, आणि पुढं मी डोळे मिटले. त्यायचं दुकान माह्यापाई बसलं.” तिचा आवाज कापत होता, पण थांबला नाही. “हा अकोल्याले धाडायचा असन तर धाडा. मी जाईन. पण मले इचारलं तर... मले हा दुसरा पाह्यजे.”

उत्तमरावांना आधी काही कळलं नाही, मग एकदम सगळं कळलं. “तुले सोबत कायले धाडली होती?” ते आत्यावर ओरडले. “झोपाले?”

“झोपते कोण?” मंजुळाबाई शांतपणे सुपारी कातरत म्हणाली. “डोळे मिटले की सारं झकास ऐकू येते. चारी खेपा ऐकल्या म्या. पोरगं कॅमेऱ्याच्या अलीकडं पाऊल टाकत नाई. पोरीनं काही इचारलं की जवाब देते. लिंबू, पीठ, स्टोव्ह, सारा बंदोबस्त! आणि तू, उत्तमा? सोताच्या लग्नात वऱ्हाडाले पाणी सांगाचं इसरला होता. अजून सासरचे बोलतात मले.”

आतून वच्छलाबाईंच्या, म्हणजे शैलजाच्या आईच्या, हसण्याचा आवाज आला आणि लगेच भांड्यांचा. उत्तमरावांनी घसा खाकरला. कचेरीत कठीण फाइल आली की ते चष्मा काढून पुसत. तसा त्यांनी पुसला. वैजनाथचा फोटो उचलून कंदिलाशी नेला. जवळून पाहिला. मग लांबून.

“याचेही डोळे मिटेल हायेत,” ते म्हणाले.

उत्तमरावांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले. दोघांच्या मधे बगळा आला, तो त्यांनी बोटानं झाकून पाहिला.

“उद्या त्याले घरी ये म्हणा,” ते शेवटी म्हणाले. “आणि भावालेही आण म्हणा देऊळघाटहून. कपबशा पुरतीन का, पाहा.”

शैलजा उठली ती सरळ आत गेली, आणि कपबशा मोजता मोजता रडली. मग आपण रडतोय की हसतोय हे तिला ठरवता येईना, म्हणून तिनं तेही तसंच राहू दिलं.

थोड्या वेळानं आत्या दारात आली. सुपारी गालात घेऊन बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिली.

“काऊन गं, त्या इटलीले जाल तवा मलेही न्याल ना?”

“हो आत्या.”

“मंग त्याले इचारून ठेव,” मंजुळाबाई गंभीरपणे म्हणाली. “तिथं पंखा हाय का?”