ऐकणाऱ्याचा पाट

सरिताताई आशाच्या घरी निघाल्या त्या नुसता डबा परत द्यायला. आशाने भरून दिलेला लोणच्याचा डबा धुऊन ठेवला होता, आणि इंदिरानगरातून पाथर्डी फाट्याला जायला रिक्षाने कितीसा वेळ लागतो? निदान नवऱ्याला, दिनेशरावांना, त्यांनी असंच सांगितलं. खरं तर पोटात जळत होतं.

जळणार नाही तर काय? 'मी कोण' या एका प्रश्नापायी सरिताताईंनी संस्कृतचे वर्ग लावले, जाडजूड भाष्यांवर डोळे फोडले, शिबिरांतून कंबर मोडेस्तोवर बसल्या. हाती काही आलं नाही. आणि ही देवळ्याहून आलेली आशा, सत्संगाला परवापरवा यायला लागलेली! मोबाईलवर कुणाचे तरी सोप्या मराठीतले पाठ पोळ्या लाटता लाटता ऐकते आणि वर म्हणते, "ताई, लय सोपं हाय. तो समजावतो ना."

"कोण तो?"

"पाटावरचा."

रामकथा लावली की मारुतीसाठी एक पाट रिकामा ठेवायचा, ही आशाच्या सासरची रीत. तिने तीच या पाठांनाही लावली. पण रामकथेला कोण येणार ते ठरलेलं असतं. इथे नाव कुणाचं घ्यायचं? आशाने कुणाचंच घेतलं नाही. "ज्याला ऐकायचंय त्यानं यावं," एवढंच म्हणून तिने पाट मांडला.

तेव्हापासून भेटेल तेव्हा ती त्याचंच सांगायची. तो आज असं म्हणाला, त्याने आज हे उलगडून दाखवलं. सांगताना सरिताताईंच्या तोंडाकडे टक लावून बघायची. हिच्याकडे कुणी येतं आणि माझ्याकडे फिरकतही नाही, या विचाराने सरिताताईंना अन्न गोड लागेना.

आशाचं दार उघडंच होतं. ती वर गच्चीत कुरडया वाळत घालत होती. खोलीत पडदे ओढलेले, भरदुपारी अंधार, आणि वर्षानुवर्षं बंद राहिलेल्या पेटीतल्या कपड्यांसारखा वास. मोबाईल एकटाच बोलत होता... "हे शरीर तू नाहीस... हे नावही तू नाहीस..." समोर पाट होता. सरिताताईंनी हात लावला. लाकूड कोमट होतं, कुणी नुकतंच उठून गेल्यासारखं.

त्यांनी डबा खाली ठेवला आणि पाट पिशवीत घातला.

घरी येऊन त्यांनी पडदे ओढले, पाट मांडला, मोबाईलवर तोच पाठ लावला. "ज्याला ऐकायचंय त्यानं यावं," त्या म्हणाल्या. मग राहवेना म्हणून पुढे जोडलं, "आणि माझ्याकडेच राहावं."

पाट करकरला. तो वास आला. पाठ संपला, मोबाईल गप्प झाला, तरी आवाज चालूच राहिला. आता तो पाटावरून येत होता, अगदी हळू... "तू कुणाची बायको नाहीस... तू सरिता नाहीस..." भीती वाटायच्या आधी सरिताताईंना आनंदच झाला. अखेर आपल्याकडेही कुणी आलं होतं.

फोन वाजला. त्या तो घेऊन खिडकीपाशी गेल्या. आशा होती.

"ताई... पाट तुम्ही नेला ना?"

"अगं, मी... उद्या आणून देते."

"नका आणू." आशा रडत होती. "दिलेला तो जात नाय, ताई. कुणीतरी हावेनं न्यावा लागतो. म्हणून तर तुम्हाला सांगत बसायचे मी... माफ करा. तो म्हणेल ते पटू देऊ नका... मी कशीबशी..."

फोन कट झाला. तेवढ्यात दिनेशराव आले. चपला काढता काढता त्यांनी खोलीत पाहिलं. त्यांची नजर खिडकीवरून, सरिताताईंवरून सरळ पुढे गेली आणि पाटावर येऊन थांबली.

"अंधारात काय बसलीस गं? चहा टाकतेस?"

सरिताताईंनी हो म्हणायला तोंड उघडलं. आवाज फुटला नाही.

"टाकते," पाटावरून कुणी म्हणालं, आणि गुडघ्यावर हात टेकून उठलं, सरिताताई उठतात तसंच.

"आज खुशीत दिसतेस," दिनेशराव हसून म्हणाले. "मिळालं वाटतं तुझं उत्तर?"

स्वयंपाकघरात गॅस पेटला.