माथेरानवर ढग नव्हता

शुक्राने खाणीच्या तळ्याच्या पलीकडच्या काठावरून धोंडा टाकला.

मासळीवाल्या चंद्राबाईच्या पाटीत आज नुसते सुके बोंबील!

रेडिओवर बातमी : आफ्रिकेकडच्या समुद्रात मोठं वादळ, एक जहाज बेपत्ता. आपल्या किनाऱ्याला धोका नाही.

दोरीवर आईच्या लुगड्याशेजारी वाळत घातलेले रबराचे दोन काळे पाय.

माथेरानवर ढगाचा ठिपकाही नाही.

पोहताना पायांत चढवायचे ते रबरी पाय विशाखाच्या भावाचे, मिलिंददादाचे. मुंबईच्या वागळे साहेबांनी दादाला आणि त्याचा दोस्त लडकूला खालापूरजवळच्या जुन्या दगडखाणीत, पाठीवर हवेची टाकी बांधून बुडी मारायला शिकवलं होतं. उद्या दोघं अलिबागला समुद्रात उतरणार होते, खडकांपाशी बुडालेल्या मालवाहू बार्जचा पितळी पंखा काढायला! समुद्र त्यांनी पाहिला होता तो चौपाटीवर, भेळ खाताना.

"शुक्रा, बघ!" विशाखा अलीकडच्या काठावरून ओरडली. "तुझा धोंडा केव्हाच तळाला गेला, आणि इथलं पान आत्ता हलतंय!"

"मग? पानाला उशिरा जाग आली आसंल!" तिचा सवंगडी शुक्रा धावत येत म्हणाला.

विशाखा हसली नाही. सकाळी बाजारात चंद्राबाई कुरकुरत होती : "ताजी मासळी कुटली गं? वाऱ्याचं नाव नाय, तरी कोळ्यांनी होड्या वर वढल्यात. लाटा आपटत्यात म्हनं!"

वारा नाही आणि लाटा? धोंडा तिकडे पडला होता, आफ्रिकेकडे!

दोघं धावत करंजाखाली गेली. तिथे खुर्ची टाकून साहेब उद्याचा बेत ठरवत होते. बेत म्हणजे काय, तर माथेरानकडे बोट! माथेरानवर ढग नसला की ओढ्याला लोंढा नाही, हे इकडे शेंबडं पोरही जाणतं. दादाने ते साहेबांना सांगितलं आणि साहेबांना भारी आवडलं. ओढ्याचा नियम त्यांनी समुद्राला लावून टाकला.

"साहेब, वादळ लांब झालं तरी त्याच्या लाटा इथवर येतात!" विशाखाला धाप लागली होती. "भर पाण्यात त्या कळतही नाहीत. पण काठाला पाणी उथळ झालं की उठतात. तळ्याच्या पायरीपाशीसुद्धा तसंच होतं, बघा ना! खडकापाशी बुडी मारली तर आपटतील!"

"आफ्रिका कुठे, अलिबाग कुठे! भूगोलात किती मार्क गं तुला?"

सगळे हसले. दादा सगळ्यांत मोठ्याने.

"निदान तिकडे फोन करून विचारा तरी!"

"ट्रंक कॉल लागेपर्यंत पावसाळा येईल!"

दुपारी सगळे जेवून लवंडले. शुक्रा बुलबुलासारखी शीळ घालत पहाऱ्याला बसला. विशाखाने लाल दोरा बांधलेली दादाची टाकी शोधली, तिच्या तोंडातली रबरी कडी नखाने उचकटली आणि आपल्या वेणीच्या टोकाला गुंडाळली.

सकाळी टाकी उघडताच हवा फुस्स!

"कडी कुठे गेली?" साहेब कडाडले. पोती झटकली, टेंपो झाडला. विशाखा वेणी पुढे घेऊन समोरच उभी होती.

"साहेब, दुसरी कडी?" दादाने विचारलं.

"मुंबईला आहे! तू बस घरी. लडकू, चल!"

लडकूने विशाखाला विहिरीत पोहायला शिकवलं होतं. तो टेंपोत चढला आणि म्हणाला, "इशाखा, तोंड का पाडलंस गं? तुला शंख आनतो!"

विशाखाने तोंड उघडलं. खरं सांगावं, तर कडी परत द्यावी लागणार. मग दादाही जाणार.

तिने तोंड मिटलं. टेंपो गेला.

आठव्या दिवशी लडकूला इस्पितळातून खाटेवर घालून आणलं. लाटेने त्याला उचलून खडकावर फेकलं होतं. कबड्डीत कुणाच्या हाती न लागणारा त्याचा पाय गुडघ्याखाली उरला नव्हता.

"वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती हो!" वागळे साहेब ज्याला त्याला सांगत होते. संध्याकाळी ते गेले, ते पुन्हा खालापुरात दिसले नाहीत.

विशाखाने वेणी सोडून कडी सगळ्यांसमोर ठेवली. आबाजी गुरुजींनी तिची पाठ थोपटली. "शाबास! साहेबाला कळलं नाही ते पोरीला कळलं! भावाला वाचवलंस!" आईने तिच्या तोंडात साखर घातली. दादा उठला. तो लडकूच्या खाटेपाशी जाऊन बसला.

लडकूची आई सोनुबाई दारात उभी होती. तिने ती कडी उचलली, बोटावर फिरवून पाहिली आणि खाली ठेवली.

"हुशार हाय तुजी पोर," ती विशाखाच्या आईला म्हणाली. "लई हुशार."

कडी काढली त्या दुपारी करंजाखाली दोन्ही टाक्या, दादाची आणि लडकूची, एकमेकींना टेकून उभ्या होत्या.